एनएफएलचे पहिले मुस्लिम मुख्य कोच रॉबर्ट सालेह : चोवीस वर्षं, दहा संघ

रॉबर्ट सालेह (जन्म ३१ जानेवारी १९७९, डिअरबॉर्न, मिशिगन राज्य) हे अमेरिकन फुटबॉलचे कोच आहेत. जानेवारी २०२१ मध्ये न्यूयॉर्क जेट्स या संघाने त्यांना मुख्य कोच नेमलं. एनएफएल, म्हणजे नॅशनल फुटबॉल लीग, ही अमेरिकेतली सर्वांत मोठी आणि सर्वांत श्रीमंत क्रीडा लीग. तिच्या इतिहासातले पहिले मुस्लिम मुख्य कोच म्हणून त्यांची नोंद झाली. त्यांचं घराणं मूळचं लेबनॉनचं. सालेह हे नाव आपल्याकडेही ओळखीचं आहे. अरबीत त्याचा अर्थ नेक, सदाचारी.

आपल्याकडच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्यांच्याविषयी दोनच वेळा काही फिरलं. एकदा ते मुख्य कोच झाले तेव्हा, आणि दुसऱ्यांदा ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांना काढलं तेव्हा. दोन्ही वेळा ते मुस्लिम आहेत, लेबनीज आहेत, एवढीच गोष्ट पुढे होती. ती खरी आहे, पण अर्धी. पहिल्या बातमीच्या आधी तब्बल एकोणीस वर्षांची नोकरी होती, आणि त्यातली बरीच वर्षं कोणाला नावही ठाऊक नसलेल्या पदांवर गेली. हा लेख मुख्यतः त्या वर्षांबद्दल आहे.

आधी खेळ समजून घेऊ

अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो आपण खेळतो तो फुटबॉल नव्हे. चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. खेळाडूंच्या डोक्यावर हेल्मेट, खांद्यावर जाड पॅड. मैदानाची मुख्य लांबी १०० यार्ड. एका वेळी दोन्ही बाजूंचे अकरा-अकरा खेळाडू मैदानात असतात.

ज्यांच्याकडे चेंडू असतो त्यांना किमान १० यार्ड पुढे सरकण्यासाठी चार प्रयत्न मिळतात. सरकले तर पुन्हा चार. असं करत शेवटची रेषा ओलांडली की टचडाऊन, म्हणजे ६ गुण. चेंडू असलेल्या गटाला ऑफेन्स म्हणतात आणि अडवणाऱ्या गटाला डिफेन्स. गंमत अशी की एकाच संघाचे हे दोन गट पूर्ण वेगळे असतात. ऑफेन्सचा खेळाडू सहसा डिफेन्सला उतरतच नाही.

दुसरी गोष्ट, हा खेळ थांबत थांबत चालतो. प्रत्येक प्रयत्न काही सेकंदांचा असतो आणि मग पुढची चाल ठरते. ती चाल कोच ठरवतात आणि हेल्मेटमधल्या छोट्या स्पीकरवरून एका खेळाडूला कळवतात. म्हणून या खेळात कोचचं वजन फार. एका संघाकडे एक मुख्य कोच, त्याच्या खाली ऑफेन्स आणि डिफेन्सचे प्रमुख, ज्यांना कोऑर्डिनेटर म्हणतात, त्यांच्या खाली प्रत्येक जागेच्या खेळाडूंचे वेगवेगळे कोच आणि अगदी तळाला मदतनीस अशी मोठी फौज असते. एनएफएलमध्ये संघ फक्त ३२. म्हणजे मुख्य कोचच्या खुर्च्याही ३२च.

मुख्य कोच बदलला की बहुतेक वेळा त्याची माणसंही जातात. नवा कोच आपली टीम घेऊन येतो. त्यामुळे या पेशात घर बदलणं, मुलांच्या शाळा बदलणं हे ठरलेलंच. सालेह यांच्या कारकिर्दीतली गावांची लांबलचक यादी वाचताना हे लक्षात ठेवावं.

डिअरबॉर्न आणि फोर्डसन हायस्कूल

डेट्रॉइटला लागून असलेलं डिअरबॉर्न हे साधारण १ लाख १० हजार वस्तीचं शहर. हेन्री फोर्ड यांचं गाव. फोर्ड कंपनीच्या रूज कारखान्यात कामासाठी विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून लेबनॉन आणि येमेनमधून माणसं आली आणि इथेच स्थायिक झाली. पुढे लेबनॉनमधल्या यादवीच्या काळात आणि इराकमधूनही कुटुंबं आली. आज शहराच्या निम्म्याहून अधिक लोकांची मुळं अरब जगातली आहेत. दुकानांवर इंग्रजीबरोबर अरबी पाट्या दिसतात. २०२१ मध्ये अब्दुल्ला हम्मूद इथले महापौर म्हणून निवडून आले.

सालेह इथल्या फोर्डसन हायस्कूलचे विद्यार्थी. बहुसंख्य विद्यार्थी अरब-अमेरिकन असलेली ही शाळा फुटबॉलसाठी नावाजलेली आहे. शाळेच्या संघाचं नाव ‘ट्रॅक्टर्स’, कारण फोर्डसन हा फोर्डच्याच ट्रॅक्टरचा ब्रँड होता. २०११ मध्ये या संघावर ‘फोर्डसन : फेथ, फास्टिंग, फुटबॉल’ नावाचा माहितीपट आला. रमजान ऑगस्टमध्ये आला तेव्हा मुलांना रोजा ठेवून भर उन्हात सराव करावा लागू नये म्हणून शाळेने सराव रात्री घेतला.

इथे एक खुलासा. हा माहितीपट सालेह यांच्या शाळेच्या दिवसांचा नाही. ते शिकत होते तेव्हा, १९९० च्या दशकाच्या मध्यात, रमजान हिवाळ्यात, जानेवारी-फेब्रुवारीत यायचा आणि फुटबॉलचा हंगाम तोवर संपलेला असायचा. पण ज्या वातावरणात ते वाढले ते हेच. मुस्लिम असणं आणि फुटबॉल खेळणं यात कसला विरोधाभास आहे, हा प्रश्नच त्या गावात कोणाला पडत नाही.

बँकेची नोकरी आणि ११ सप्टेंबर

शाळेनंतर सालेह मिशिगनच्या अगदी उत्तरेला, लेक सुपीरियरच्या काठी असलेल्या नॉर्दर्न मिशिगन युनिव्हर्सिटीत गेले. तिथे चार वर्षं ते टाइट एंड या जागेवर खेळले. टाइट एंड म्हणजे चेंडू झेलणारा आणि गरज पडली तर समोरच्याला अंगावर घेऊन अडवणारा, अशी दुहेरी कामगिरी. खेळ चांगला होता, पण व्यावसायिक लीगमध्ये जाण्याइतका नव्हता. पदवी फायनान्सची घेतली आणि डेट्रॉइटला कोमेरिका बँकेत नोकरी धरली. सुरक्षित नोकरी, घराजवळ. कोणत्याही आई-वडिलांना समाधान वाटावं असं सगळं.

त्यांचे थोरले भाऊ डेव्हिड हेही अर्थक्षेत्रातच. मॉर्गन स्टॅनली कंपनीच्या प्रशिक्षणासाठी ते न्यूयॉर्कला गेले होते. ११ सप्टेंबर २००१ च्या सकाळी ते वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या दक्षिण मनोऱ्यात, ६१ व्या मजल्यावर होते. आधी शेजारच्या उत्तर मनोऱ्यावर विमान आदळलं. डेव्हिड जिन्याने खाली निघाले. ९ वाजून ३ मिनिटांनी दुसरं विमान त्यांच्याच मनोऱ्यावर, त्यांच्या वरच्या मजल्यांवर आदळलं, तेव्हा ते जिन्यातच होते. ते खाली पोहोचले आणि बाहेर पडले. तासाभराच्या आत, ९ वाजून ५९ मिनिटांनी, तो मनोरा कोसळला. इकडे डिअरबॉर्नमध्ये घरच्यांना भाऊ जिवंत आहे की नाही हे कळायला मार्ग नव्हता. नंतर त्यांची खुशाली कळली.

त्या दिवसानंतर अमेरिकेतल्या अरब आणि मुस्लिम कुटुंबांवर काय गुजरलं हे आपल्या वाचकांना ठाऊक आहे. डिअरबॉर्नकडे तर सगळ्या देशाच्या नजरा संशयाने लागल्या होत्या. सालेह यांचं घर मात्र त्या हल्ल्याच्या दोन्ही बाजूंना होतं. ज्यांच्याकडे बोट दाखवलं जात होतं त्या समाजात, आणि ज्यांची माणसं त्या मनोऱ्यांत अडकली होती त्या कुटुंबांतही.

या धक्क्याने रॉबर्ट यांच्या मनात एक गोष्ट पक्की झाली. माणूस सकाळी कामावर जातो आणि संध्याकाळी परतेलच असं नाही. मग जे काम मनापासून आवडत नाही त्यात आयुष्य का घालवायचं? काही महिन्यांनी त्यांनी भावाला फोन केला. रडत रडत सांगितलं की मला फुटबॉलमध्ये परत जायचंय. ही हकिकत दोघा भावांनी पुढे अनेकदा जाहीरपणे सांगितली आहे. २००२ मध्ये त्यांनी बँक सोडली.

तळाच्या पायरीपासून

पहिली जागा मिळाली मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीत, ग्रॅज्युएट असिस्टंट म्हणून. हे पद म्हणजे कोचिंगमधली उमेदवारी. पुढचं शिक्षण चालू ठेवायचं, त्याबदल्यात संघाची पडेल ती कामं करायची आणि हातात जेमतेम खर्चापुरते पैसे. दोन वर्षं तिथे काढून २००४ मध्ये ते सेंट्रल मिशिगन युनिव्हर्सिटीत गेले. तिथे त्यांची गाठ मॅट लाफ्लर या दुसऱ्या तरुण मदतनीसाशी पडली. दोघांची अशी मैत्री जमली की लाफ्लर यांच्या लग्नात सालेह बेस्ट मॅन, म्हणजे नवरदेवाचे खास सोबती होते. हे नाव ध्यानात ठेवा, पुढे ते पुन्हा येणार आहे.

२००५ मध्ये थोडा काळ जॉर्जिया युनिव्हर्सिटी, आणि त्याच वर्षी एनएफएलचं दार उघडलं. ह्यूस्टन टेक्सन्सने त्यांना इंटर्न म्हणून घेतलं. पुढच्या वर्षी ते तिथेच डिफेन्सचे ‘क्वालिटी कंट्रोल कोच’ झाले. नाव भारदस्त असलं तरी काम पडद्यामागचं. समोरच्या संघाच्या सामन्यांचे व्हिडिओ तासन्‌तास पाहायचे. कोणत्या परिस्थितीत ते कोणती चाल खेळतात याच्या नोंदी काढायच्या, त्याचे तक्ते बनवायचे, वरिष्ठ कोचच्या टेबलावर वेळेत ठेवायचे. सराव संपला की बाकीचे घरी जातात, हा माणूस पुन्हा स्क्रीनसमोर बसतो. शाळेत ज्यांनी कधी निकालपत्रकं तयार केली आहेत त्यांना या कामाची कल्पना येईल. चूक झाली तर सगळ्यांना दिसते, बरोबर असलं तर कोणाच्या लक्षातही येत नाही.

हे काम त्यांनी ह्यूस्टनमध्ये तीन वर्षं केलं. २००९ मध्ये लाइनबॅकर, म्हणजे डिफेन्सच्या मधल्या फळीतल्या खेळाडूंचे सहायक कोच झाले. पण २०१० च्या हंगामानंतर ह्यूस्टनने डिफेन्सची घडी बदलली आणि त्यांना बाहेर पडावं लागलं.

आता पुढची पायरी मिळायला हवी होती. मिळाली ती मात्र पुन्हा जुनीच. २०११ मध्ये सिएटल सीहॉक्समध्ये ते परत क्वालिटी कंट्रोल कोच म्हणून रुजू झाले. वय ३२, आणि पद पाच वर्षांपूर्वीचं.

सिएटलचं शिक्षण

पण ही पायउतार नोकरीच त्यांच्या पथ्यावर पडली. मुख्य कोच पीट कॅरल यांच्या हाताखाली सिएटलचा डिफेन्स त्या वर्षांत देशातला सर्वोत्तम होत गेला. त्याच्या मागच्या फळीला ‘लीजन ऑफ बूम’ असं टोपणनाव पडलं. डावपेच गुंतागुंतीचे नव्हते. मोजक्या मांडण्या, पण त्या डोळे मिटूनही खेळता याव्यात इतक्या घोटलेल्या. आणि पहिल्या सेकंदापासून वेग. सालेह यांच्या पुढच्या सगळ्या कामावर या पद्धतीची छाप आहे.

२ फेब्रुवारी २०१४ रोजी सीहॉक्सने सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, डेन्व्हर ब्रॉन्कोजविरुद्ध ४३–८ असा एकतर्फी जिंकला. सामना झाला न्यू जर्सीतल्या मेटलाइफ स्टेडियमवर. हेच जेट्सचं घरचं मैदान. सात वर्षांनी सालेह तिथे मुख्य कोच म्हणून येणार होते.

सिएटलचे गस ब्रॅडली जॅक्सनव्हिल जॅग्वार्सचे मुख्य कोच झाले होते. त्यांनी २०१४ मध्ये सालेह यांना लाइनबॅकरचे कोच म्हणून फ्लोरिडात बोलावलं. स्वतःच्या जबाबदारीचं हे पहिलं पद. संघ मात्र कमकुवत होता. तीन हंगामांत ३–१३, ५–११ आणि ३–१३ असे निकाल लागले (पहिला आकडा जिंकलेल्या सामन्यांचा). डिसेंबर २०१६ मध्ये ब्रॅडली यांना काढलं आणि सालेह यांनी पुन्हा सामान बांधलं.

सॅन फ्रान्सिस्को : टीका आणि यश

२०१७ मध्ये सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सचे नवे मुख्य कोच काइल शॅनहन यांनी त्यांना डिफेन्सचे कोऑर्डिनेटर केलं. दोघांची ओळख ह्यूस्टनमधली. कोचिंगमध्ये येऊन पंधरा वर्षं झाली होती, तेव्हा कुठे अख्ख्या डिफेन्सची सूत्रं हाती आली.

सुरुवात वाईट झाली. २०१८ मध्ये संघ ४–१२ वर संपला. समोरच्याचा पास मध्येच झेलून चेंडू हिसकावणं हे डिफेन्सचं मोठं अस्त्र. पूर्ण हंगामात त्यांच्या डिफेन्सला हे फक्त दोनदा जमलं. लीगच्या इतिहासातला हा सर्वांत कमी आकडा. सालेह यांना काढा, अशी मागणी उघडपणे होऊ लागली. शॅनहन यांनी मात्र त्यांना ठेवलं.

पुढच्याच वर्षी, निक बोसासारखे नवे खेळाडू आल्यावर, तोच डिफेन्स लीगमध्ये दुसऱ्या क्रमांकावर पोहोचला आणि संघाने १६ पैकी १३ सामने जिंकले. बाजूरेषेवर उभं राहून प्रत्येक यशावर हवेत मुठी उडवणारे, ओरडणारे, मुंडण केलेल्या डोक्याचे सालेह देशभर ओळखीचे झाले. सुपर बोलच्या आधीच्या सामन्यात फोर्टीनाइनर्सने ग्रीन बे पॅकर्सला ३७–२० असं हरवलं. पॅकर्सचे मुख्य कोच होते मॅट लाफ्लर. २ फेब्रुवारी २०२० च्या सुपर बोलमध्ये मात्र शेवटच्या सत्रात २०–१० अशी आघाडी असताना डिफेन्स ढासळला आणि कॅन्सस सिटी चीफ्सने ३१–२० असा विजय मिळवला.

मुख्य कोचपद आणि मुलाखतीचा नियम

एनएफएलमध्ये २००३ पासून ‘रूनी नियम’ आहे. मुख्य कोच नेमताना संघांनी अल्पसंख्याक उमेदवारांच्या मुलाखती घेतल्याच पाहिजेत, असा हा नियम. निवड कोणाची करायची यावर तो काही बोलत नाही. मुलाखतीपर्यंत दार उघडतं, पुढचं उमेदवाराने पाहायचं.

सालेह यांनाही पहिल्या फटक्यात पद मिळालं नाही. जानेवारी २०२० मध्ये क्लीव्हलँड ब्राउन्सने मुलाखत घेऊन दुसऱ्याला निवडलं. वर्षभराने घरच्या डेट्रॉइट लायन्सची जागा रिकामी झाली. मिशिगनच्या काही लोकप्रतिनिधींनी सालेह यांचा विचार करा, असं पत्र संघाला लिहिलं. लायन्सने डॅन कॅम्पबेल यांना निवडलं. त्याच जानेवारीत जेट्सने सालेह यांना नेमलं.

अरब वंशाचे ते पहिले मुख्य कोच नव्हेत. लेबनीज वंशाचे एब गिब्रन १९७० च्या दशकात शिकागो बेअर्सचे, आणि रिच कोटाइट १९९० च्या दशकात फिलाडेल्फिया ईगल्सचे व पुढे जेट्सचेच मुख्य कोच होते. मुस्लिम म्हणून मात्र सालेह पहिले. बातमी झाली तेव्हा डिअरबॉर्नमध्ये आनंद होणं साहजिकच होतं.

जेट्समधली पावणेचार वर्षं

जेट्स हा संघ नावाजलेला, पण यशाला पारखा. त्यांनी एकमेव सुपर बोल जिंकला तो जानेवारी १९६९ मध्ये, आणि २०१० च्या हंगामानंतर बाद फेरीही गाठलेली नव्हती. सालेह यांनी आल्या आल्या घोषणा दिली ‘ऑल गॅस, नो ब्रेक’. म्हणजे पाय अॅक्सिलरेटरवरच, ब्रेकवर नाही.

पहिल्या वर्षी, २०२१ मध्ये, निकाल ४–१३. डिफेन्स लीगमध्ये शेवटच्या, ३२ व्या क्रमांकावर. दुसऱ्या वर्षी पहिलाच सामना हरल्यावर टीका झाली तेव्हा ते म्हणाले की आमची थट्टा करणाऱ्यांच्या पावत्या आम्ही जपून ठेवतोय. पुढच्याच सामन्यात, शेवटची दोन मिनिटं उरली असताना १३ गुणांनी मागे असलेल्या जेट्सने क्लीव्हलँडला ३१–३० असं हरवलं. ऑक्टोबरमध्ये लाफ्लर यांच्या पॅकर्सना त्यांच्याच मैदानावर २७–१० ने नमवलं. डिफेन्स ३२ वरून चौथ्या क्रमांकावर आला. सॉस गार्डनर आणि गॅरेट विल्सन या दोघांना डिफेन्स आणि ऑफेन्सचे सर्वोत्तम नवोदित खेळाडू हे पुरस्कार मिळाले. पण ७–४ अशा स्थितीतून शेवटचे सहाही सामने हरून संघ ७–१० वर थांबला.

कारण एकच, ऑफेन्स. त्याचा कणा असतो क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा आणि चाल चालवणारा खेळाडू. तरुण झॅक विल्सनवर ठेवलेला भरवसा फळाला आला नाही. म्हणून २०२३ मध्ये अनुभवी आणि नामवंत आरोन रॉजर्सला आणलं. हंगामाचा पहिला सामना ११ सप्टेंबरला, घरच्या मैदानावर होता. रॉजर्स केवळ चौथ्या चालीत पायाच्या टाचेची शीर तुटून पूर्ण हंगामाबाहेर गेला. जेट्सने तो सामना २२–१६ ने जिंकला, पण वर्ष पुन्हा ७–१० वर संपलं.

२०२४ मध्ये रॉजर्स परतला. पाच सामन्यांत दोन विजय, तीन पराभव. पाचवा सामना ६ ऑक्टोबरला लंडनमध्ये झाला, तोही २३–१७ ने गेला. ८ ऑक्टोबरला मालक वुडी जॉन्सन यांनी सालेह यांना काढून टाकलं. जॉन्सन २००० पासून मालक आहेत. हंगाम चालू असताना मुख्य कोचला काढण्याची त्यांची ही पहिलीच वेळ. सालेह यांचा एकूण हिशेब २० विजय, ३६ पराभव असा झाला.

झेंड्याची गोष्ट

लंडनच्या सामन्यात सालेह यांच्या बाहीवर लेबनॉनचा झेंडा होता. त्या दिवसांत लेबनॉनवर इस्रायलचे जोरदार हल्ले चालू होते. दोन दिवसांनी नोकरी गेली, तेव्हा सोशल मीडियावर दोन्ही गोष्टी लगेच जोडल्या गेल्या. आपल्या ग्रुपवरही ‘झेंडा लावला म्हणून काढलं’ असे मेसेज फिरले.

इथे जे ठाऊक आहे तेवढंच धरून चालावं. एनएफएलचा स्वतःचा उपक्रम आहे, ज्यात खेळाडू आणि कोच आपल्या मूळ देशाचा झेंडा लावू शकतात. अनेक जण लावतात. सालेह यांनी त्याआधीच्या हंगामांतही तो लावला होता आणि तेव्हा नोकरीला धक्का लागला नव्हता. मालकांनी कारण दिलं ते संघाच्या कामगिरीचं. झेंड्यामुळे काढलं याचा पुरावा पुढे आलेला नाही. दुसऱ्या बाजूने निर्णयावर शंका घ्यायलाही जागा होती, आणि अनेक क्रीडा पत्रकारांनी ती घेतली. कारण डिफेन्स उत्तम होता आणि दुखणं ऑफेन्सचं होतं. सालेह गेल्यावर उरलेल्या बारा सामन्यांत जेट्सने फक्त तीन जिंकले. निर्णय चुकीचा होता, असं म्हणता येतं. तो धर्मामुळे किंवा वंशामुळे झाला, असं म्हणायला आधार लागतो. या दोन वाक्यांत फरक आहे. अन्यायाची खरी उदाहरणं मांडताना आपला शब्द वजनदार राहायचा असेल तर हा फरक आपणच सांभाळायला हवा.

पुन्हा उभं राहणं

काढल्यानंतर काही आठवड्यांतच मॅट लाफ्लर यांनी जुन्या मित्राला पॅकर्समध्ये सल्लागार म्हणून बोलावलं. कामही उलट बाजूचं होतं. डिफेन्सच्या माणसाने ऑफेन्सला सांगायचं की समोरचा तुम्हाला कसा अडवेल. जानेवारी २०२५ मध्ये शॅनहन यांनी त्यांना फोर्टीनाइनर्सच्या जुन्याच पदावर परत घेतलं. त्या हंगामात बोसा आणि फ्रेड वॉर्नर हे डिफेन्सचे दोन्ही खांब लवकरच जखमी होऊन बाहेर गेले. तरीही संघाने १७ पैकी १२ सामने जिंकून बाद फेरी गाठली.

जानेवारी २०२६ मध्ये टेनेसी टायटन्सने सालेह यांना मुख्य कोच नेमलं. लागोपाठ दोन हंगाम ३–१४ वर राहिलेला हा संघ आहे. म्हणजे सोपं काम या वेळीही मिळालेलं नाही.

प्रवास एका नजरेत

२००२–०३ : मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटी, ग्रॅज्युएट असिस्टंट
२००४ : सेंट्रल मिशिगन युनिव्हर्सिटी, मदतनीस
२००५ : जॉर्जिया युनिव्हर्सिटी, मदतनीस
२००५–१० : ह्यूस्टन टेक्सन्स, इंटर्न ते सहायक लाइनबॅकर कोच
२०११–१३ : सिएटल सीहॉक्स, क्वालिटी कंट्रोल कोच
२०१४–१६ : जॅक्सनव्हिल जॅग्वार्स, लाइनबॅकर कोच
२०१७–२० : सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्स, डिफेन्स कोऑर्डिनेटर
२०२१–२४ : न्यूयॉर्क जेट्स, मुख्य कोच
२०२४ : ग्रीन बे पॅकर्स, सल्लागार
२०२५ : सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्स, डिफेन्स कोऑर्डिनेटर
२०२६ पासून : टेनेसी टायटन्स, मुख्य कोच

मुलांना ही गोष्ट सांगताना

पालकसभेत एक प्रश्न हमखास येतो. “सर, या लाइनमध्ये नोकरीची गॅरंटी आहे का?” प्रश्न चुकीचा नाही. ज्या घरात एकच कमावता आहे त्या घराला तो विचारावाच लागतो. पण सालेह यांची गोष्ट ‘बँक सोडा आणि स्वप्नामागे धावा’ अशी सांगितली तर ती अर्धवट होईल. त्यांनी बँक सोडली तेव्हा हातात पदवी होती. सोडल्यावर थेट मोठी खुर्ची मिळाली नाही. वयाच्या बत्तिसाव्या वर्षी एक पायरी खाली उतरून पुन्हा तेच काम करायची तयारी होती.

आणखी एक गोष्ट यादी नीट वाचली की दिसते. बँक सोडताना भाऊ, सिएटलनंतर ब्रॅडली, जॅक्सनव्हिलनंतर शॅनहन, जेट्सनंतर लाफ्लर. प्रत्येक अडचणीत ज्याने हात दिला तो एक तर घरचा होता, नाहीतर आधी कुठे तरी शेजारच्या टेबलावर काम केलेला होता. या लोकांनी त्यांना बोलावलं ते ते कोणत्या समाजाचे आहेत म्हणून नव्हे. हा माणूस रात्री उशिरापर्यंत बसून नोंदी कशा काढतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं होतं.

‘पहिले मुस्लिम’ ही नोंद मोलाची आहे आणि तिचा अभिमान वाटण्यात काही गैर नाही. डिअरबॉर्नच्या एखाद्या पोराला, किंवा मालेगाव-मुंब्र्याच्या एखाद्या पोराला, आपल्या नावाचा माणूस तिथे उभा दिसणं ही छोटी गोष्ट नव्हे. फक्त त्या नोंदीच्या आधीची एकोणीस वर्षंही मुलांना सांगावीत.